चीनला छोट्या ग्रुपने जाताय? तुम्ही सारखे विचारता ते सगळे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानं परत सुरू झाली आणि तेव्हापासून आम्हाला तेच तेच प्रश्न यायला लागलेत, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढते. आम्ही ८ ते १० जणांचे ग्रुप घेऊन जातो, चालायचं, ट्रेनने फिरायचं, गावातल्या लोकांच्या घरी राहायचं, असं. वरून खाली वाचत गेलात तर सोप्याकडून किचकटाकडे जाल, आणि एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. छोटा ग्रुप म्हणजे नक्की किती जण? आणि ४० जणांच्या टूरपेक्षा असं काय वेगळं?

जास्तीत जास्त १०. हा आकडा हवेतून नाही आला. गावातल्या होमस्टेमध्ये पाच-सहा खोल्या असतात, गोल जेवणाच्या टेबलावर १० जण बसतात, आणि एका छोट्या व्हॅनमध्ये तेवढेच सामानासकट मावतात. ४० जण असले की मग आपोआप मोठं हॉटेल, मोठी बस, बस उभी राहील असंच रेस्टॉरंट, आणि तिथे गावातल्या माणसाचा संबंधच येत नाही, पैसा कुठेतरी वरच्या वर निघून जातो. १० जण असलात की भाजी कोणी केली, घर कोणाचं आहे, हे कळतं आणि पैसे त्याच बाईच्या हातात जातात. माझ्यासाठी खरा फरक हा आहे, आरामाचा नाही, आराम उलट थोडा कमीच असतो.

२. चीनमध्ये १० दिवस व्हिसा लागत नाही असं रील बघितलं, खरंय का?

आपल्याला नाही. ती २४० तासांची ट्रान्झिट सवलत ठराविक देशांच्या पासपोर्टसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारे मराठी लोक इथे हमखास गोंधळतात, कारण ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल तर ही सवलत नाही, आणि मुलाचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर फक्त त्याला ती मिळू शकते. म्हणजे एकाच घरात दोन नियम. आपल्याला टुरिस्ट व्हिसा, म्हणजे एल व्हिसा, आधीच काढावा लागतो. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा, कोरी पानं हवीत, आणि फॉर्ममध्ये मागच्या प्रवासांबद्दल जे विचारतात ते नीट आठवून भरा.

३. मग ग्रुप व्हिसाच काढू ना, सोपा पडेल?

काढता येतो, पण आम्ही टाळतो. ग्रुप व्हिसा हा पासपोर्टवर नसतो, सगळ्यांची नावं असलेला एक वेगळा कागद असतो, आणि अट अशी की सगळ्यांनी एकत्र आत जायचं आणि एकत्रच बाहेर पडायचं. आता समजा घरून फोन आला, आई ॲडमिट आहे, तातडीने निघायचंय, तर त्या माणसाला एकट्याला निघताना त्या कागदामुळे फार त्रास होतो. त्यामुळे प्रत्येकाचा आपापला व्हिसा. थोडी धावपळ जास्त होते पण परदेशात असताना आपला माणूस अडकून पडलेला नको.

४. कुठल्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबर. पण १ ते ७ ऑक्टोबर अजिबात नको, तो त्यांचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो आणि सगळा देश एकदम बाहेर पडतो, ग्रेट वॉलवर पाऊल ठेवायला जागा नसते, ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत. तसंच १ मेची सुट्टी, आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं त्यांचं नवीन वर्ष. आपली दिवाळीची सुट्टी बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, ती मात्र उत्तम, गर्दी ओसरलेली असते आणि बीजिंगच्या डोंगरात झाडं लाल-पिवळी झालेली असतात किंवा नुकतीच झडलेली. जुलै-ऑगस्टमध्ये चीनच्या नैऋत्येकडच्या युनान प्रांतात जोरात पाऊस असतो, दरडी पडतात, आपल्या घाटांसारखंच, त्यामुळे १४ नंबरमधला ट्रेक त्या दिवसांत आम्ही ठेवतच नाही.

५. १२-१४ दिवसांत काय काय बघून होईल? शांघाय, झांगजियाजिये, गुइलिन सगळं बसेल ना?

बसवता येईल, पण मग तुम्ही चीन नाही, चीनची एअरपोर्टं बघाल. १४ दिवसांत आम्ही तीनच जागा धरतो: बीजिंग आणि भिंत, मग शिआन, मग युनानमध्ये लिजियांग आणि तिथून डोंगरात. बीजिंग ते शिआन हायस्पीड ट्रेन, साधारण १२०० किलोमीटर आणि साडेचार ते सहा तास, विमानाची गरजच पडत नाही आणि खिडकीतून सपाट गव्हाची शेतं संपून पिवळी माती कधी सुरू होते ते दिसतं. काहींना हे कमी वाटतं. पण माझा अनुभव असा की चौथ्या शहरात माणूस काही बघत नाही, फक्त फोटो काढतो आणि बॅग भरतो. शांघाय बघायचंच असेल तर शेवटी दोन दिवस आपलं आपण जोडून घ्या, तिथून दिल्लीचं थेट विमानही आहे.

६. ग्रेट वॉल नेमकी कुठे बघायची? सगळे बादालिंगला जातात.

सगळे जातात म्हणूनच नको. बादालिंग हा सगळ्यात आधी, १९५७ मध्ये, लोकांसाठी खुला केलेला भाग, बीजिंगपासून जवळ आणि प्रचंड गर्दीचा. आम्ही एक दिवस मुत्यान्यूला जातो, तिथे केबल कार आहे त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या काका-काकूंनाही भिंत मिळते, आणि एक दिवस जिनशानलिंगला. जिनशानलिंग बीजिंगपासून दोन-अडीच तास लांब, साडेदहा किलोमीटरचा पट्टा, ६७ बुरूज, काही भाग नीट दुरुस्त केलेला आणि काही तसाच पडझड झालेला, त्यामुळे एकाच चालीत दोन्ही बघायला मिळतं. सकाळी लवकर गेलात तर अर्धा-अर्धा तास कोणी भेटत नाही.

आणि भिंत एक नाहीये हे तिथे गेल्यावरच नीट कळतं. वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या काळात बांधलेल्या भिंती आहेत, सगळ्या मिळून २१,१९६ किलोमीटर असं २०१२ मध्ये जाहीर झालं, त्यात मिंग काळातली साधारण ८,८५० किलोमीटर. आपण बघतो ती ही मिंगची. चंद्रावरून दिसते वगैरे सोडून द्या, चीनचेच पहिले अंतराळवीर यांग लीवेई २००३ मध्ये वर जाऊन आले आणि म्हणाले मला दिसली नाही.

७. इन्स्टावर ती तुटकी, झाडं उगवलेली भिंत दिसते तिकडे न्याल का? आम्ही सह्याद्रीत खूप ट्रेक केलेत, जमेल आम्हाला.

जमेल याबद्दल शंका नाही, तरी नेणार नाही. त्याला तिकडे जंगली भिंत म्हणतात, ज्यानखौ हा त्यातला प्रसिद्ध भाग. भिंतीच्या संरक्षणाचे नियम २००६ पासून आहेत आणि जो भाग लोकांसाठी खुला नाही तिथे असे कार्यक्रम करायला त्यात मनाई आहे. बऱ्याच ठिकाणी तसा बोर्ड असतो आणि शेजारीच गावातला कोणीतरी शिडी लावून पैसे घेऊन वर सोडायला तयारही असतो, ती शिडी चढू नका.

कारण आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही खरं तर. आपल्या गडांवर तटबंदीचा एक चिरा निसटला की पुढच्या दोन पावसाळ्यांत आख्खा तट कसा खाली येतो ते आपण बघितलंय. तिथेही विटांच्या आत माती आणि भराव आहे, वरची वीट हलली की पाणी आत शिरतं. २०२३ मध्ये शानशी प्रांतात दोघांनी ये-जा करायला जवळचा रस्ता हवा म्हणून जेसीबीसारख्या यंत्राने भिंतीला भगदाड पाडलं होतं, ती बातमी जगभर गेली, पण रोज थोडं थोडं पायांनी होणारं नुकसान बातमीत येत नाही. पडझड झालेली भिंत बघायचीच असेल तर जिनशानलिंगचं टोक आहे, परवानगी असलेल्या वाटेवरून, आणि तो नजारा कुठेही कमी नाही.

८. फिटनेस किती लागेल?

सिंहगड पायथ्यापासून दीड-पावणेदोन तासांत न थांबता चढत असाल तर सगळं जमेल. भिंतीवर त्रास चढाचा नसतो, पायऱ्यांचा असतो, एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, आणि उतरताना मांड्या थरथरतात. निघायच्या आधी दोन महिने जिने चढा-उतरा, खास करून उतरा. युनानमधल्या उंचीबद्दल १५ नंबर बघा.

९. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी मरू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगते. उपाशी राहणार नाही, पण शब्द बरोबर वापरावे लागतील. तिकडे मांस नको म्हटलं की त्यांच्या मते डुकराचा खिमा चिमूटभर वरून घातला तर ते मांस नाही, ती चव आहे, मापो टोफू नावाच्या पदार्थात हमखास असतो, आणि सूपचं पाणी हाडांचं असतं, कधी भाजी चरबीत परतलेली, नाहीतर त्यात कालवांचा सॉस. म्हणून नुसतं नको-नको म्हणण्यापेक्षा 'वो छ् सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, हे सांगायचं, आणि आम्ही प्रत्येकाला चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड देतो त्यात मांस, मासे, हाडांचं पाणी, चरबी, कालवांचा सॉस सगळं वेगवेगळं लिहिलंय.

रोजचं काय मिळतं तर टोमॅटो-अंडं (खात असाल तर), बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची परतलेली भाजी जिला दी सान श्येन म्हणतात, लसणावरच्या हिरव्या पालेभाज्या, टोफूचे शंभर प्रकार, शिआनमध्ये लियांगपी नावाच्या गार, तिखट, रुंद शेवया. बौद्ध मंदिरांजवळ संपूर्ण शाकाहारी उपाहारगृहं असतात आणि परंपरेने तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन लोकांची सोय होते, फक्त बटाटा-गाजर चालतं तिथे, ते न खाणाऱ्यांनी वेगळं सांगावं लागतं.

आणि मांसाहारी मंडळी, तुमच्यासाठीही एक गोष्ट. मेनूवर नुसतं 'रौ' म्हणजे बहुतेक डुक्कर. 'न्यो रौ' म्हणजे बीफ. शिआनच्या मुस्लिम भागात डुक्कर नसतं म्हणून आपण निर्धास्त होतो, पण तिथे बीफ आणि मटण दोन्ही असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्या. थेपले, मेतकूट, चटणी नेलीत तर उत्तमच, ट्रेनमध्ये प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यावर इन्स्टंट पोहे-उपमा मस्त होतो.

१०. पाणी प्यायचं कुठलं? बाटल्या विकत घ्यायच्या का?

नळाचं पाणी थेट पिऊ नका. पण बाटल्याही घेऊ नका. चिनी माणूस गरम पाणीच पितो, त्यामुळे स्टेशन, ट्रेन, एअरपोर्ट, होमस्टे सगळीकडे उकळलेलं पाणी फुकट मिळतं. स्टीलची थर्मास बाटली न्या, तिकडेही घराघरात तशीच असते. १० जणांनी १४ दिवस रोज तीन बाटल्या घेतल्या तर ४२० बाटल्या होतात आणि डोंगरातल्या गावात त्या खाली कोण नेणार हा प्रश्न असतो, त्यामुळे आमच्याकडे हा एकच नियम आहे जो सुट्टीवर नाही.

११. जीपे चालेल का? कॅश किती न्यायची?

यूपीआय आणि रुपे धरून चालू नका. अलीपे किंवा वीचॅट पे ही तिकडची पैसे भरायची ॲप घ्या, दोन्हींमध्ये व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर जास्तीचे पैसे लागत नाहीत, त्यावर गेलं की ३ टक्के कापतात, म्हणून मोठं बिल असलं तर ज्याचं त्याने आपापलं द्यावं. हे सगळं घरून निघायच्या आधी करा, पासपोर्टचा फोटो टाकून ओळख पटवावी लागते आणि बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना ते बँकेत बघून घ्या. थोडी रोकडही ठेवा, डोंगरातल्या आज्जी मोबाईलवर कोड ठेवतात पण रेंज गेली की रोकडच कामी येते. टीप द्यायची पद्धत नाही, जबरदस्तीने दिलीत तर समोरचा माणूस अवघडतो.

१२. व्हॉट्सॲप, गूगल बंद असतं म्हणे, मग घरच्यांशी बोलायचं कसं?

तिकडच्या वायफायवर आणि तिकडच्या सिमवर बंद असतं. भारतीय सिमचं इंटरनॅशनल रोमिंग किंवा बाहेरून घेतलेलं प्रवासी ई-सिम असेल तर बहुतेक वेळा चालतं कारण तो डेटा तुमच्या मूळ नेटवर्ककडून फिरून येतो. गूगल मॅपवर तिकडे रस्ता आणि तुमचा ठिपका जुळत नाही, आमॅप नावाचं त्यांचं ॲप घ्या, इंग्रजीत आहे. भाषांतराचं ॲप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

१३. ट्रेन, विमान आणि मोठ्या ठिकाणांची तिकिटं तिथे जाऊन काढली तर?

नाही चालत. सगळं पासपोर्ट नंबरवर असतं. ट्रेनची तिकिटं १५ दिवस आधी सुटतात आणि पासपोर्ट हेच तिकीट, कागद नाही. बीजिंगच्या राजवाड्याचं, म्हणजे निषिद्ध नगरीचं, तिकीट सात दिवस आधी तिकडच्या रात्री ८ वाजता उघडतं, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, आणि आम्ही अक्षरशः घड्याळ लावून बसतो. सोमवारी बंद असतं. समोरच्या त्यानआनमेन चौकात जायलाही वेगळं आरक्षण लागतं हे बरेच जण विसरतात. ६० च्या वरच्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, परदेशी असला तरी, पासपोर्ट दाखवून विचारा. खर्चाचा अंदाज म्हणून, राजवाडा उन्हाळी मोसमात ६० युआन, शिआनच्या मातीच्या सैनिकांचं (टेराकोटा आर्मी) तिकीट १२०, आणि एक युआन साधारण १२-१३ रुपये धरा.

अजून एक, पॉवर बँक. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी, म्हणजे चीनच्या सुरक्षा मान्यतेचा, छाप नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर तो छाप नसतो आणि सिक्युरिटीला काढून ठेवतात, परत मिळत नाही. ट्रेनला आणि मेट्रोलाही बॅग तपासतात, सुरी-चाकू आत जात नाही, भाजी कापायचा छोटासुद्धा.

१४. टायगर लीपिंग गॉर्जच्या ट्रेकवर गावातले लोक वाटेत पैसे मागतात असं वाचलं. ही फसवणूक नाही का?

नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय कारण यावरून लोक वाद घालतात. युनानमध्ये जिनशा नदी, म्हणजे वरची यांगत्से, एका बाजूला ५,५९६ मीटरचा जेड ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला ५,३९६ मीटरचा हाबा अशा दोन डोंगरांमधून फुटून निघते. वरची वाट साधारण २०-२५ किलोमीटर, दोन दिवस, मध्ये नाशी लोकांच्या घरात मुक्काम, आणि पहिल्याच दिवशी अठ्ठावीस वळणांचा चढ जिथे प्रत्येक जण गप्प होतो. पुढे नदीपर्यंत खाली उतरणारी जी वाट आहे ती गावातल्याच घरांनी राखलीय. पावसात वाहून गेली की तेच परत बांधतात, दोर-शिड्या तेच बदलतात. त्याचे ते १०-१५ युआन मागतात. दरीच्या मुख्य तिकिटात हे पैसे येत नाहीत म्हणून लोकांना वाटतं दोनदा लुटलं. मी तर म्हणते, हेच पैसे सगळ्यात योग्य जागी जातात. मुख्य तिकीट वर जातं, हे घरात जातं.

या दरीवर धरण व्हायचं होतं, लोकांनी, शास्त्रज्ञांनी, पत्रकारांनी खूप विरोध केला आणि २००७ च्या शेवटी ते रद्द झालं. झालं असतं तर ही गावं आणि शेतं पाण्याखाली गेली असती. कोयना-उजनीच्या काठावरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रात्री त्या घराच्या गच्चीवर बसून समोरचा काळा कडा बघताना हे माहीत असलं की जेवण वेगळं लागतं.

चढावर मागे मागे खेचर घेऊन माणूस येतो, दमलात तर बसा म्हणून. बसायचं की नाही तुमच्या मनावर, पण खेचराच्या पाठीवर जखम नाही ना बघा, आणि वजन जास्त असेल तर फक्त बॅग द्या.

१५. उंचीचा त्रास होईल का?

लिजियांग २,४०० मीटर, तिथे बहुतेकांना काही होत नाही. पुढे शांग्रिलाला गेलो तर ३,२०० च्या वर, तिथे डोकं धरतं, झोप लागत नाही. म्हणून आधी लिजियांगला दोन रात्री, मग दरी, मग वर. बीपी, हृदय, दमा असेल तर डॉक्टरांना आकडे दाखवून विचारा, गोळी घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं. पहिल्या दिवशी गरम पाण्याने डोक्यावरून अंघोळ आणि दारू दोन्ही टाळा.

१६. शांग्रिलापर्यंत गेलोच आहोत तर तिकडच्या बर्फाच्या शिखरावर चढाई होते का?

हाबावर स्थानिक गाइडबरोबर लोक जातात पण ते आमच्या ट्रिपचा भाग नाही. आणि कावागेबो, ६,७४० मीटर, तो नाहीच. तिबेटी लोकांसाठी तो पवित्र डोंगर आहे, ते त्याची परिक्रमा करतात. जानेवारी १९९१ मध्ये चिनी-जपानी मोहिमेतले १७ गिर्यारोहक तिथे हिमस्खलनात गेले, आणि २००१ पासून चढाईला बंदी आहे, आजपर्यंत शिखरावर कोणी पोचलेलं नाही. आपण कैलासाला जसं खालूनच हात जोडतो तसंच. पहाटे समोरच्या गावातून उन्हाचं पहिलं किरण शिखरावर पडताना बघायचं, बस.

१७. ओळखीच्यांच्या घरी किंवा स्वस्त होमस्टेला आपलं आपण राहिलं तर चालतं ना?

चालतं, पण परदेशी माणसाची २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं, घरी राहिलात तर तुम्हाला आणि घरमालकाला करावी लागते. आमच्या एका ट्रिपमध्ये एका घरमालकाकडून ते राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चौकीत बसून अर्ज भरावे लागले, पोलीस चांगले वागले पण अर्धा दिवस गेला आणि त्या बिचाऱ्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त बोलणी खावी लागली. तेव्हापासून पोचल्या पोचल्या आधी पासपोर्ट, मग चहा.

१८. रेशीम फॅक्टरी, मोती, चहाचं दुकान, हे असतं का तुमच्या ट्रिपमध्ये?

नसतं. फार स्वस्त टूर दिसली की समजा पैसे दुकानांच्या कमिशनमधून निघणार आहेत. चीनच्या २०१३ च्या पर्यटन कायद्यात या प्रकाराला बंदी आहे तरी काही जण करतात. बीजिंग-शांघायमध्ये रस्त्यात गोड बोलून चहा प्यायला किंवा चित्र बघायला चला म्हणणारे तरुण भेटले तर हसून पुढे निघा, बिल हजारांत येतं.

घ्यायचंच असेल तर गावात घ्या, ज्याने केलंय त्याच्याकडून. हस्तिदंत नाही, चीनने स्वतःच २०१७ च्या अखेरीस त्याचा व्यापार बंद केला, कातडं-हाडं-औषधाच्या नावाखाली प्राण्यांचे भाग नाही, आणि १९११ च्या आधीची जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, विकणारा काहीही म्हणो.

१९. लोकांचे फोटो काढलेले चालतात का? आणि पांडाला मांडीवर घेता येतं का?

पांडाचं आधी, नाही. तो प्रकार बंद झालाय आणि बरं झालं. छंगतू (चेंगडू) शहरातल्या पांडा केंद्रात लांबूनच बघायचा, सकाळी लवकर, तेव्हा तो जागा असतो.

माणसांचं, आधी नजरेने विचारा. नाशी, यी, याओ, तिबेटी आज्ज्यांच्या पोशाखाचा फोटो सगळ्यांना हवा असतो पण त्या बाजाराला निघालेल्या असतात, कार्यक्रमाला नाही. आपल्या वारीत कोणी परदेशी माणूस कॅमेरा नाकासमोर धरतो तेव्हा वारकरी आज्जीला कसं वाटतं ते आठवा. सैनिक, पोलीस, चेकपोस्ट यांचे फोटो काढू नका. लहान मुलांना गोळ्या-पैसे वाटू नका, वह्या द्यायच्या असतील तर शाळेत शिक्षकांकडे द्या.

२०. तिबेट आणि कैलास मानसरोवर करता का?

कैलास यात्रा २०२५ मध्ये पाच वर्षांनी परत सुरू झाली, लिपुलेख आणि नथु ला या दोन वाटांनी, ती भारत सरकारच्या निवडीतून होते, तिथेच अर्ज करा. तिबेटमध्ये परदेशी माणसाला व्हिसा असला तरी वर वेगळा परवाना लागतो आणि गाइडशिवाय फिरता येत नाही. आम्ही नेत नाही. पण जाणार असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगते, दलाई लामांचे फोटो भेट म्हणून नेऊ नका आणि गाइडला किंवा भिक्षूंना राजकारणाचे प्रश्न विचारू नका. तुम्ही विमानात बसून परत याल, उत्तर देणारा माणूस तिथेच राहणार आहे. हे सगळ्याच चीनला लागू आहे. सीमा दाखवणारा नकाशा, छापील किंवा पुस्तकातला, बरोबर नेऊ नका, कस्टमवाले काढून घेतात.

२१. भारतीय म्हटल्यावर लोक वाईट वागतात का?

बातम्या बघून वाटतं तसं काही नाही. 'यिन्दू' म्हटलं की आमिर खान, नाच आणि मसाला इथपर्यंत गप्पा पोचतात. ट्रेनमध्ये शेजारच्या काकू फळं सोलून हातात देतात. पहाटे बागेत म्हातारी मंडळी व्यायाम करत असतात, त्यांच्यात सामील व्हा, कोणी नको म्हणत नाही. एक पाळा, भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते पितरांपुढच्या उदबत्तीसारखं दिसतं.

२२. आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, तिकडे काही संबंध आहे का, की नुसतंच परदेश?

आहे ना! शिआनमधला मोठा पॅगोडा ६५२ मध्ये ह्युएन त्सांगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला बांधला. शाळेच्या पुस्तकातला हाच तो माणूस, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथले लोक उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे आहेत असं लिहून ठेवलं. ग्रुपला तिथे हे वाचून दाखवलं की सगळे एकदम ताठ उभे राहतात.

आणि वेळ असेल तर दुनहुआंग. वाळवंटातली मोगाव लेणी, ३६६ पासून कोरायला सुरुवात, ४९२ लेण्यांत चित्रं. अजिंठा बघितलेल्या माणसाला तिथे भिंतीवरचे बोधिसत्त्व ओळखीचे वाटतात. श्वासाची वाफ आणि माणसांची ऊब चित्रांना खाते म्हणून रोजची माणसं मोजलेली, आधी दोन फिल्म दाखवतात, मग साधारण आठच लेणी, गाइडच्या टॉर्चच्या उजेडात, आणि आत फोटो पूर्ण बंद. हे घडवण्यात फान जिनशी या पुरातत्त्व अभ्यासक बाईंचा मोठा वाटा, १९६३ मध्ये शांघायची मुलगी तिथे वाळवंटात गेली आणि आयुष्य तिथेच काढलं. फोटो नाही म्हणून काही जण खट्टू होतात. पण अंधारात उभं राहून डोळे सरावेपर्यंत थांबायचं आणि मग हळूहळू रंग दिसायला लागतो, ते मोबाईल हातात असताना होत नाही.

२३. परतताना हाँगकाँग करून पुन्हा चीनमध्ये येऊन विमान पकडलं तर?

हाँगकाँगला गेलात म्हणजे मुख्य चीनमधून बाहेर पडलात. परत यायचं तर दोन एन्ट्रीचा व्हिसा हवा, एकच असेल तर तो संपला. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, मकाऊला ३० दिवसांपर्यंत व्हिसा नाही. विमान थेट हाँगकाँगहूनच घ्या, सोपं पडतं.

२४. डॉ. कोटणीसांच्या समाधीवर जाता येईल का? वडील सोलापूरचे आहेत, त्यांची फार इच्छा आहे.

येईल, आणि वडिलांना नक्की आणा. समाधी शिजियाझुआंगला आहे, उत्तर चीनच्या हुतात्मा स्मशानभूमीत, बीजिंगहून हायस्पीड ट्रेनने दीड तासाच्या आत, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आम्ही ट्रिपच्या आधी किंवा नंतर एक दिवस जोडून देतो. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर तिकडे गेले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस परत आले नाहीत, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. तिकडे त्यांना 'के दिहुआ' म्हणतात, टॅक्सीवाल्याला हेच नाव सांगा. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा पितरांचा सण, छिंगमिंग, असतो, तेव्हा शाळेची मुलं येऊन फुलं वाहून जातात. फुलं बाहेर मिळतात. आपल्याकडची शेवंतीच असते ती, पांढरी आणि पिवळी, लाल घेऊ नका.